पूर्वेस घर

१

मी जमिनीचे जुने कागद वाचते. गेली सव्वीस वर्षं हेच करते आहे. कोणा कंपनीला जमीन घ्यायची असली की ती आमच्या वकीलबाईंकडे येते, वकीलबाई गठ्ठे माझ्या टेबलावर आदळतात, आणि ही जमीन आधी कोणाची, त्याच्या आधी कोणाची, असं मी मागे मागे जात राहते. कुठे वारस सुटला, कुठे सही राहिली, ते हुडकायचं. माझा अहवाल वाचून विमा कंपनी त्या जमिनीच्या मालकी हक्काचा विमा उतरवते. उद्या कोणी उपटसुंभ उभा राहून 'ही जमीन माझी' म्हणाला, तर निस्तरायचं विमा कंपनीने. तशी वेळ येऊ नये म्हणून मी दिवसभर कागदांत नाक खुपसून बसते.

जमीन मी कागदावर पाहायची आणि दादाने पायाखाली, अशी आमची वाटणी. दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, मोजणीदार. त्याने हे काम धरलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि टेपचं दुसरं टोक धरायला फुकटात मिळणारं माणूस होते. टेपच्या शून्याच्या टोकाला एक कडी असते. आमच्या कडीला दादाने लाल चिंधी बांधली होती. ती कडी मी खुंटीवर दाबून धरायची, दादा टेप उलगडत लांब जायचा आणि तिकडून ओरडायचा, "शून्य धर." मग आकडा सांगायचा. आकडा ऐकल्याशिवाय सोडायचं नाही, हा एकच नियम. एकदा मी सोडलं होतं. टेप सापासारखी सळसळत गेली आणि दादाची हनुवटी फाटली. तो व्रण अजून दिसायचा. तेव्हापासून तो मला शून्याबाई म्हणतो.

या वेळचं काम मोठं होतं. एका कंपनीला डेटा सेंटर उभारायचं होतं. जगभरातल्या लोकांचे फोटो आणि पत्रं सांभाळणारी यंत्रं ठेवायला सहा प्रचंड दालनं, शहराबाहेरच्या उघड्या माळावर, विजेच्या मोठ्या तारांखाली. अडतीस तुकडे घ्यायचे आणि त्यांचा एक करायचा. छत्तीस तुकड्यांचे कागद दोन महिन्यांत आटोपले. उरले दोन, एकमेकांच्या शेजारचे.

प्रत्येक खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितात. पश्चिमेकडच्या तुकड्याच्या खतात लिहिलं होतं : पूर्वेस घर. पूर्वेकडच्या तुकड्याच्या खतात लिहिलं होतं : पश्चिमेस घर. नकाशावर त्या दोन तुकड्यांच्या मध्ये एक रेघ होती. रेघेत घर मावत नाही.

२

मला काही नवल वाटलं नाही. खतं लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. जागेवर कोण जातो? मागच्या खतात चारी बाजूंना जे लिहिलं असेल तेच पुढच्या खतात उतरवायचं. विहीर बुजून तीस वर्षं झाली तरी कागदावर ती भरलेलीच असते. कधीतरी तिथे खरंच घर असेल, पडलं असेल, आणि हे लोक ते डोळे झाकून पुढे ढकलत राहिले असतील. हे घर कुठल्या खतात पहिल्यांदा आलं ते शोधायचं आणि 'आता अस्तित्वात नाही' असा शेरा मारायचा, अर्ध्या दिवसाचं काम.

अर्ध्या दिवसाचे चार दिवस झाले. घर सगळ्या खतांत होतं. टाइप केलेल्या, शाईने लिहिलेल्या, कागदाला हात लावला की तुकडे पडतील अशा. कुठे नुसतं 'घर', कुठे 'राहते घर', एका ठिकाणी 'घर, दार ठेंगणे'. मालक बदलत होते, घराचा मालक मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. त्या घराची स्वतःची खरेदी नाही, विक्री नाही, नोंद नाही.

हाताने लिहिलेली सात खतं एकाच लेखनिकाच्या अक्षरातली होती. अक्षर सुरेख, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक छोटा फराटा. सातव्या खतात 'पूर्वेस घर' असं लिहून त्याने पुढे दोन शब्द जास्त घातले होते : 'पाहून लिहिले.' ते वाचून मला बरं वाटलं. इतक्या आळशी लोकांत एक तरी जाऊन आला. पुढच्या खतापासून अक्षर दुसऱ्याचं होतं. गेला असेल काम सोडून, असं म्हणून मी पान उलटलं.

वकीलबाईंना दाखवलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "विमा कंपनीला चिकटपत्र हवंय. सगळे तुकडे एकमेकांना लागून आहेत, मध्ये फट नाही, एवढं एक वाक्य. जुनं घर दादांना बघून यायला सांग."

चिकटपत्र हा आमच्या ऑफिसातला शब्द. खरं नाव लांबलचक आहे.

३

मीही गेले दादाबरोबर. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन, पिवळं गवत, लांबवर एक जेसीबी सपाटीकरण करत होता. हद्दीवर ओळीने दगड होते. घर नव्हतं. पायाचे दगड नव्हते, विटेचा तुकडा नव्हता. दादाने यंत्र लावून रेघ तपासली. रेघ नकाशाबरहुकूम होती.

"बघ, शून्याबाई. तुझं घर वाऱ्याने उडालं," तो म्हणाला.

तिसऱ्या दगडाच्या दोन्ही अंगांना त्याने एकेक खुंटी ठोकली. यंत्राचं माप तो नेहमी टेपने पडताळून घ्यायचा. मी शून्य धरलं, त्याने आकडा सांगितला : दोन मीटर दहा. मी सोडलं. मग तो एका खुंटीकडून दुसरीकडे चालत गेला, चुना टाकायला. तीन पावलांचं अंतर. मी उगाच बघत होते. त्याने चौदा पावलं टाकली.

तो थांबला आणि मागे वळला. पुन्हा चौदा.

"तू मोजलीस?" त्याने विचारलं.

"अरे, तू रमतगमत चालतोयस."

"मग तू चाल बघू."

मी चालले. मी रोज ऑफिसला चालत जाणारी बाई आहे, पावलं कशी टाकायची ते मला कळतं. तिसऱ्या पावलाला वारा थांबला. चौथ्याला चपलेचा आवाज बदलला. खाली माती होती, गवत होतं, मला दिसत होतं, पण आवाज फरशीचा येत होता. दादा काहीतरी बोलला, तो आवाज भिंतीला लागून आल्यासारखा जवळून आला. तरी मी पावलं मोजत राहिले, कारण मोजणं सोडलं असतं तर मी ओरडले असते. चौदाव्या पावलाला खुंटी आली, वारा आला, जेसीबीची घरघर आली.

दादा माझ्याकडे बघत होता. "सातव्या पावलाला तू वाकलीस," तो म्हणाला.

"मी?"

"मान खाली घातलीस. दार ठेंगणं असलं की घालतात तशी." मग म्हणाला, "मीसुद्धा वाकलो होतो."

'दार ठेंगणे' हे शब्द मी त्याला सांगितले नव्हते.

४

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली. ऊन होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. जमिनीखाली पोकळी असली तर आवाज बदलतो, पाऊल आपोआप आखूड पडतं. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं दादाला ऐकवलं. तो हो हो म्हणाला आणि पुन्हा माळावर गेला. तिसऱ्या दिवशीही गेला.

ते त्याचं शेवटचं काम होतं. त्यानंतर यंत्र विकायचं, घरी बसायचं, असं त्याचं आणि वहिनीचं ठरलं होतं. पण माप जुळलं नाही तर दादाच्या घशाखाली घास उतरत नसे. चाळीस वर्षांत त्याने एकही नकाशा 'अंदाजे' म्हणून दिला नव्हता.

आठवड्याने वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही जरा येऊन जा. हे जेवताना दार लोटून बघतात. आपलंच दार. म्हणतात, उंची जास्त वाटते."

मी गेले तेव्हा दादा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढत होता. एक खोली, उंबरा, दुसरी खोली, पुन्हा उंबरा. तिसऱ्या खोलीच्या तीनच भिंती काढल्या होत्या. भिंती दिसत नाहीत, तो म्हणाला, पण बोललं की कळतं. आवाज कुठून लवकर परततो, कुठून उशिरा.

"मागची भिंत लागत नाही," त्याने सांगितलं. "आणि तिथे आत कोणीतरी आहे."

"दादा, पुरे आता."

"घाबरायचं नाही काही. तो आपला बसून असतो. कागदावर टाक फिरवल्याचा आवाज येतो. ओळ लिहितो, थांबतो, शेवटी एक फराटा ओढतो. पुन्हा ओळ."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, की ही शहाणी आहे, ही काहीतरी बोलेल. मी बोलले. म्हटलं, "सोमवारी चिकटपत्र द्यायचंय. ते गेलं की विषय संपला. तोवर याला काय करायचं ते करू दे." आज तो प्रसंग आठवला की माझी मलाच चीड येते. तेव्हाच कॅलेंडर फाडून त्याला घरी बसवायला हवं होतं.

५

सोमवारी दुपारी बारापर्यंत पत्र जायला हवं होतं. विमा कंपनीचे साहेब सकाळपासून वकीलबाईंच्या मागे लागले होते. सगळे मालक सह्या करून बसले होते, अडलं होतं ते माझ्या एका वाक्यापाशी : 'सदर दोन तुकडे परस्परांस लागून असून मध्ये कोणतीही जागा, पट्टी अथवा घर नाही.' 'घर' हा शब्द मीच घातला होता. जुन्या खतांची कटकट एकदाची मिटावी म्हणून.

अकरा चाळीसला दादाचा फोन आला. आवाज बंद खोलीतला होता.

"आत आहेस?" मी विचारलं.

"आज टेप घेऊन आलोय. मागच्या भिंतीपर्यंत टाकतो आणि निघतो. आकडा आला की फोन करतो, मग तू सही कर."

"शून्य कोण धरतंय?"

"कडी खुंटीला अडकवलीय. तू कुठे आहेस इथे?" तो हसला. "दहा मिनिटं दे. आणि ऐक, सही आधी करू नकोस. उगाच."

"का?"

"उगाच म्हटलं ना."

त्याच्या मागे काहीतरी कुरकुरलं. कुरकुर थांबली आणि एक लांब फराटा ओढल्याचा आवाज आला. फोनवर खरखर असते. मी तसंच समजले.

बाराला पाच मिनिटं असताना वकीलबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, दादाचा फोन यायचाय. त्यांनी नकाशा माझ्यासमोर ठेवला आणि रेघेवर बोट टेकवलं. "इथे घर आहे का?"

"नाही."

"तू जाऊन पाहिलंस ना?"

"पाहिलं. नाही दिसलं."

"मग?"

मला लाज वाटली. इतकी वर्षं कागदावर विश्वास ठेवणारी बाई मी, आणि भाऊ एका न दिसणाऱ्या खोलीतून फोन करणार म्हणून अडून बसले होते. मी सही केली. घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती.

फोन आला नाही.

६

तिसऱ्या दगडापाशी दादाची जीप उभी होती. दारं उघडी, सीटवर थर्मास, थर्मासातला चहा गरम. यंत्र त्याच्या तिकाटण्यावर उभं. खुंटी होती. खुंटीला कडी नव्हती, टेप नव्हती.

मी एका खुंटीपासून दुसरीपर्यंत चालले. तीन पावलं. पुन्हा चालले, तीन. वारा वाहत होता, पायाखाली माती होती आणि मातीचाच आवाज येत होता. मी चप्पल काढून चालले, डोळे मिटून चालले, सातव्या पावलाची वाट बघत वाकून चालले. सातवं पाऊल पडायचं ते पलीकडच्या तुकड्यात. जेसीबीवाला काम थांबवून बघत राहिला. त्याने सकाळी एक माणूस पाहिला होता. तो कुठे गेला ते त्याने पाहिलं नव्हतं. "इथे जायला जागा तरी कुठे आहे?" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, बसस्टँड पाहिलं, नातेवाइकांना विचारलं. वहिनीने एकदाच विचारलं, "शेवटी काय म्हणाले हो तुम्हाला?" मी सांगितलं, आकडा आला की फोन करतो म्हणाला. सही आधी करू नकोस म्हणाला, ते नाही सांगितलं. अजून सांगितलेलं नाही. तिच्या समोर बसले की ते सांगायला तोंड उघडते आणि पाणी मागते.

वकीलबाईंकडे गेले, पत्र मागे घ्यायला. त्यांनी मला बसवलं, दार लावून घेतलं आणि मायेने विचारलं, "त्याऐवजी लिहिणार काय? मध्ये घर आहे? कोणाचं? कुठे?" तोवर अडतीस तुकड्यांचं एक खत झालं होतं. त्या खतात चारी बाजूंना रस्ता, रस्ता, कुंपण आणि नाला होता. मधल्या रेघा गेल्या, आणि दोनशे वर्षांत पहिल्यांदा त्या घराचं नाव कुठल्याच कागदावर उरलं नाही.

मी त्या लेखनिकांना आळशी म्हणत होते. डोळे झाकून उतरवतात म्हणत होते. आता वाटतं, त्यांच्यातल्या काहींना तरी ठाऊक असणार की ही ओळ खोडायची नसते.

७

दीड वर्षाने डेटा सेंटरच्या केबलवाल्या इंजिनिअरचा फोन आला. माणूस सज्जन आणि वैतागलेला. जमिनीचे जुने नकाशे तुमच्याकडे आहेत असं कळलं, म्हणाला. तिसऱ्या दालनात यंत्रांची दोन कपाटं शेजारी शेजारी आहेत. एकातून दुसऱ्यात केबल न्यायची, तर मापाने कापलेली केबल कमी पडते. चार वेळा कापली, चारही वेळा आठेक मीटर कमी. खाली काही बांधकाम होतं का?

मी त्याला म्हटलं, मला पाहू द्या.

दालनात थंडगार हवा होती, पांढरी फरशी होती आणि हजारो पंख्यांची एकसुरी घोंघों. त्याने कपाटं दाखवली. मध्ये एक माणूस आडवा जाईल एवढी गल्ली. "तुम्ही बघा, मी दाराशी आहे," असं म्हणून तो गेला.

मी गल्लीत शिरले. तिसऱ्या पावलाला पंखे थांबले. दालनातले सगळे दिवे लुकलुकत होते, पाती फिरत होती, पण आवाज थांबला. सातव्या पावलाला मी वाकले. त्याच्या पुढे जायचं धाडस झालं नाही, खरं सांगते. तिथेच खाली बसले.

लांबून टाकाची कुरकुर येत होती. दोन टाक होते. एक ओळ संपवून फराटा ओढत होता. दुसरा अडखळत होता, चाळीस वर्षं नुसते आकडे लिहिलेल्या माणसाने ओळी लिहायला घ्याव्यात तसा. मग तो थांबला. फरशीवरून काहीतरी पातळ, पोलादी सरपटत माझ्याकडे आलं. कपाटाच्या बुडाशी मला लाल काहीतरी दिसलं, बोटभर. मी ते धरलं आणि मूठ मिटली.

"शून्य धर," आतून आवाज आला. ओरडून नाही. बोलल्यासारखा.

"धरलंय," मी म्हणाले. "दादा, धरलंय."

तिकडून ओढ लागली. टेप उलगडत गेली. दहा मीटर, वीस मीटर झाले असतील. आमची टेप तीस मीटरची आहे. तीस झाले असतील. ओढ थांबेना.

इंजिनिअर केव्हा मागे येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. "बाई, दालन बंद करायची वेळ झाली," तो म्हणाला. "तुमच्या हातात काय आहे?"

मी मूठ उघडून पाहिलेली नव्हती. उघडली असती तर सुटलं असतं.

"थोडं थांबा," मी म्हटलं. "आकडा यायचाय."